नील बेटावरचा उपवास

मार्गशीर्ष लागला की मला लाज वाटायला लागते. हे वाक्य कुणाला विचित्र वाटेल, पण काय करणार, आहे ते असं आहे. पुण्यात थंडी पडते, सकाळी फिरायला निघालेली माणसं कानटोप्या घालून एकमेकांना ओळखेनाशी होतात, आमच्या सदाशिव पेठेत पूजेच्या सामानाच्या दुकानांवर गुरुवारच्या पोथ्या दोरीला लटकायला लागतात, आणि माझी मान आपोआप खाली जाते.

परवा मंडईत गेले होते. जिकडे तिकडे पाच फळांचे वाटे, पाच पानांच्या डहाळ्या, शेवंतीच्या वेण्या. एका फुलवालीनं मला हेरलं. "या आजी, गुरुवारचं सगळं एकत्र बांधून देते." मी म्हटलं, "मला फक्त आलं हवंय." ती म्हणाली, "आलं तिकडं. वाट सोडा मग." बरोबरच होतं तिचं. धंद्याच्या वेळी मधे उभं राहून दुसऱ्यांच्या वेण्या बघत बसणाऱ्या बाईला दुसरं काय सांगणार? पण तिथून निघताना माझ्या नाकात मंडईचा वास नव्हता, बोटीच्या डिझेलचा होता. आणि समोर दिसत होता स्टीलचा उघडा डबा.

गुरुवार मी करत नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षं सासूबाईंच्या समाधानासाठी केले, मग अनघा झाली आणि ते आपोआप सुटलं. सुटलं म्हणजे काय, मीच सोडलं, आणि सोडल्याचा मला अभिमान होता. शाळेत भूगोल शिकवायचे मी. शिक्षकखोलीत कुणाचा उपवास असला की माझ्या जिभेला चेव यायचा. "आज उपवास ना? मग डबा मोठा असेल," असं मी मोठ्यांदा म्हणायचे आणि सगळ्याजणी हसायच्या. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, वऱ्याचे तांदूळ, वर केळं. उपवास करणाऱ्या बाईला मी जेवू म्हणून दिलं नाही कधी सुखानं. तर अशी मी.

अनघानं निखिलशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी एका मिनिटात हो म्हटलं होतं. निखिलच्या घरचे बौद्ध. आमच्या घरात या लग्नाची जी काही कुजबुज झाली ती मी एकटीनं मोडून काढली. मावशीला म्हटलं, "तुला यायचं तर ये, नाहीतर टीव्ही बघ घरी." चुलतदिरांना म्हटलं, "पत्रिका छापून झालीय, आता मतं छापू नका." आळीत कुणी विचारो न विचारो, मी सांगत सुटले होते, "आमच्याकडे असलं काही मानत नाहीत हो." आता वाटतं, जे मानत नाही ते इतकं सांगावं कशाला लागतं? पण तेव्हा मी हवेत होते. आपण केवढ्या सुधारलेल्या, असं स्वतःला आरशात बघून वाटायचं.

लग्नाला आठ महिने झाले, आणि मुलांनी ठरवलं की दोन्हीकडच्या आईवडिलांना घेऊन चार दिवस एकत्र कुठंतरी जावं. लग्नात नुसती ओळख होते, माणसं कळत नाहीत, असं निखिलचं म्हणणं. ठिकाण शोधलं अंदमानातलं नील बेट. सरकारनं त्याचं नाव बदललंय, पोर्ट ब्लेअरचंही बदललंय, पण माझ्या जिभेवर नवी नावं बसलेली नाहीत. तीस वर्षं मुलींना नकाशात ती ठिपक्यांची माळ दाखवली होती मी, पट्टीच्या टोकानं. आता त्यातल्या एका ठिपक्यावर आपण उतरणार, या कल्पनेनंच मी आठवडाभर आधी बॅग भरून बसले होते.

पहाटे लोहगावच्या विमानतळावर पोचलो तर व्याही-विहीण आमच्या आधी येऊन बसलेले. व्याही शांत, वर्तमानपत्रात डोकं. रत्नमालाताई, म्हणजे माझ्या विहीणबाई, अंगात निळा स्वेटर, मांडीवर कापडी पिशवी. विमानात बसल्यावर मी म्हटलं, "अहो, पिशवी वर ठेवा ना, पाय मोकळे होतील." त्या म्हणाल्या, "राहू द्या ताई, वर आडवी-तिडवी होईल." पुणे ते चेन्नई आणि चेन्नई ते पोर्ट ब्लेअर, दोन्ही विमानांत ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. मी खिडकीशी. खाली समुद्र, मग आणखी समुद्र, मग अचानक हिरवी बेटं आणि त्यांच्या कडेला पाण्याचा असा रंग की भूगोलाच्या पुस्तकातल्या छापखान्याची कीव यावी. "ते बघा, ते प्रवाळ!" मी सांगत होते. रत्नमालाताई माझ्यावरून वाकून बघत होत्या आणि म्हणत होत्या, "तुम्ही शिकवलंय हो, तुम्हाला बरोबर ओळखू येतं." मला बरं वाटत होतं. कुणी कौतुक केलं की मला फार लवकर बरं वाटतं.

पोर्ट ब्लेअरला उतरलो आणि दमट हवा अंगाला चिकटली. पुण्याचे स्वेटर हातात घेऊन सहाजणांची वरात गाडीनं धक्क्यावर गेली. बोट दोनला. तोवर पत्र्याच्या मोठ्या शेडमधल्या बाकड्यांवर बसायचं. पंखे होते, वारा नव्हता. सकाळपासून माझ्या पोटात फक्त चहा. चेन्नईला विमान बदलताना खायला वेळ झाला नव्हता. आणि तेव्हा रत्नमालाताईंनी ती पिशवी उघडली. आतून डबा काढला, झाकण उघडलं, आणि तीळ, लसूण, ओवा असा खमंग वास आला की शेजारच्या बाकड्यावरच्या माणसांनी मान वळवली.

"घ्या ताई. धपाटी आहेत," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या हातची पद्धत, लोणी काळभोरची. सोबत शेंगांची चटणी आहे. आणि डबा नवा आहे हो, कशाला वापरलेला नाही."

मी हात पुढे केलाच नाही. "अगं बाई," मी म्हटलं, "आज गुरुवार ना! माझा मार्गशीर्षातला गुरुवार आहे हो. उपवास."

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते शब्द कसे बाहेर पडले मला कळलंच नाही. खोटं आहे ते. मला चांगलं कळलं होतं. त्या डब्याकडे बघितल्यावर माझ्या घशाशी काहीतरी आलं, आणि ते काय आहे हेही मला ठाऊक होतं. माझ्या माहेरी मागच्या दाराशी कोनाड्यात एक कप असायचा, कान तुटलेला. भांडी घासणाऱ्या बाईंचा तो चहाचा. आई चहा उंचावरून ओतायची. मी शाळेत असताना त्यावरून आईशी भांडले होते, दोन दिवस अबोला धरला होता. त्या भांडणाची गोष्ट मी पुढे किती जणांना सांगितली असेल! आणि त्या धक्क्यावर साठीला आलेल्या माझ्या आत तो कप जसाच्या तसा निघाला. अक्कल आली, पदवी आली, व्याही आले, आणि कोनाडा होता तिथंच.

रत्नमालाताईंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी डबा मागे घेतला आणि, देवा, त्यांनी माझी माफी मागितली. "चुकलंच माझं," त्या म्हणाल्या. "तारीख बघितली, वार बघितलाच नाही. तुमच्यासाठी उपवासाचं काही केलंच नाही मी."

"अहो असू दे, मला सवय आहे," मी म्हटलं. सवय! बत्तीस वर्षांत एकही गुरुवार न केलेली मी.

माझ्या यजमानांनी माझ्याकडे बघितलं. "केव्हापासून?" त्यांनी हळूच विचारलं. मी त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी एक धपाटं उचललं, मग दुसरं, आणि चौथ्याला म्हणाले, "ताई, हे असलं खायला आम्हाला लग्नाला आठ महिने होईपर्यंत का थांबवलंत?" सगळे हसले. अनघा हसली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी समुद्राकडे बघत होते.

यानंतर जे सुरू झालं त्याला मी तयार नव्हते. रत्नमालाताईंनी स्वतः अर्धं धपाटं खाल्लं आणि डबा बंद केला. "तुम्ही उपाशी आणि मी समोर बसून खाऊ?" मग त्या उठल्या. गुडघे दुखतात त्यांचे, उठताना बाकड्याचा आधार घ्यावा लागतो. "केळी मिळतात का बघते." निखिल म्हणाला, "मी जातो, आई." "तुला काय कळतंय उपवासाला काय चालतं ते," म्हणून त्याला त्यांनी बसवलं आणि भर दुपारच्या उन्हात फाटकाबाहेर गेल्या. वीस मिनिटांनी आल्या. हातात सहा इटुकली केळी, मागून एक माणूस शहाळं घेऊन. चेहरा लालबुंद, पदर घामानं भिजलेला. "चार ठिकाणी विचारलं," त्या म्हणाल्या. "एकाकडे चिप्स होते, पण ते कशात तळलेत कुणाला माहीत. म्हटलं उगीच तुमचा उपवास मोडायला नको."

मी केळी खाल्ली. शहाळं प्यायले. त्या माणसानं कोयत्यानं शहाळं सोललं, बोटानं खोबरं सुटं करून दिलं, आणि मी ते त्याच्या हातातून घेऊन खाल्लं. त्याचं नाव, गाव, घर काहीही मी विचारलं नव्हतं. त्याचा हात धुतलेला होता का तेही बघितलं नव्हतं. तिथं माझ्या घशाशी काही आलं नाही. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं, शहाळ्याचा पहिला घोट घेतानाच. पण खोटं एकदा बोललं की पुढचं सगळं त्याच्या तालावर करावं लागतं, म्हणून मी "किती गोड आहे नाही!" म्हणत बसले.

बोट बंद काचांची होती. सुटली आणि पाऊण तासानं खुल्या समुद्रात हलायला लागली. पोटात आधार नसला की बोट जास्त लागते म्हणतात. मला लागली. आधी कान गरम झाले, मग तोंडाला पाणी सुटलं, मग काय व्हायचं ते झालं. यजमान दोन रांगा मागे झोपले होते, अनघा-निखिल पलीकडे. माझ्याशेजारी रत्नमालाताई. त्यांनी समोरची कागदी पिशवी ओढून माझ्या तोंडाशी धरली, दुसऱ्या हातानं माझं कपाळ धरलं. पिशवी भरली ती त्यांनी नाक न मुरडता बांधली आणि दुसरी उघडली. आपल्या पदरानं माझं तोंड पुसलं. पर्समधून लिंबू काढलं, नखानं त्याचं साल खरवडून माझ्या नाकाशी धरलं, मग ते चावून तुकडा करणार, तोच थांबल्या. "सुरी नाहीये," म्हणाल्या, "तुम्हीच दातानं फोडा. उष्टं नको." आणि लिंबू माझ्या हातात दिलं.

लिंबू चोखत मी डोळे मिटून पडले. लोकांना वाटलं मळमळतंय म्हणून. मला त्या बाईकडे बघवत नव्हतं. माझी ओकारी जिनं हातात धरली तिच्या हातचं धपाटं मी दोन तासांपूर्वी नाकारलं होतं. त्या वेळी मी एक वाक्य म्हणायला हवं होतं. "ताई, मी खोटं बोलले." बास. बोट हलत होती, आवाज चालू होता, कुणाला ऐकूही गेलं नसतं. पण मला ते जमलं नाही, आणि का जमलं नाही तर मला माझी अब्रू जपायची होती. म्हणजे तेवढं होऊनही अब्रू माझीच!

नील बेट सुंदर आहे, हे इथं सांगायला हवं. छोटं आहे. धक्क्यावरून जीपनं निघालो तर अरुंद रस्ता, दोन्हीकडे सुपारीच्या बागा, मधेच भाताची खाचरं, भाजीचे मळे, केळी. घरांसमोर जाळी वाळत टाकलेली. हवेत ओल्या पाल्याचा आणि सुक्या मासळीचा वास. पाच वाजता सूर्य बुडाला तेव्हा सगळे चकित झाले, आणि मी सवयीनं समजावून सांगितलं की घड्याळ इथंही आपलंच, पण सूर्य पूर्वेकडचा, म्हणून लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. व्याही मान डोलावून म्हणाले, "हे बरं सांगितलंत." तेवढंच काय ते दिवसभरात मी खरं बोलले.

साडेसहाला आम्ही हॉटेलच्या जेवणघरात बसलो. उघडं, झावळ्यांचं छप्पर, खाली वाळू. रत्नमालाताई स्वयंपाकघराकडे जाऊन आल्या होत्या. थोड्या वेळानं तिथला बंगाली आचारी एक वाडगा घेऊन आला. तांदळाची खीर. "मीच सांगितली करायला," रत्नमालाताई म्हणाल्या. "आमच्याकडे गुरुवार नसतो, पण शेजारच्या काकूंचं बघितलंय. सोडताना गोड लागतं ना?" आणि मग अगदी हळू आवाजात, "तुम्हाला आधी देवाला दाखवायचं असेल." असं म्हणून त्या उठून समुद्राकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला संकोच वाटू नये म्हणून.

मी कुठल्या देवाला दाखवणार होते? वाडग्यासमोर हात जोडले. जोडलेच, काय सांगू. यजमान ताटाकडे बघत बसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ना, ते मला त्या वाळूत बसून कळलं.

जेवण झाल्यावर अनघा म्हणाली, "आई, चल जरा." किनाऱ्यावर ओहोटी लागली होती, खडक उघडे पडले होते. ती थोडं चालली आणि थांबली.

"त्यांनी आठ दिवस आधी मला फोन केला होता," ती म्हणाली. "तुला लसूण चालतो का, कांदा चालतो का. आपल्या घरात मटण होतं, तर आपल्या भांड्यातलं तुझ्या आईला चालेल का. मी म्हटलं, काहीतरीच काय आई, माझी आई असलं काही मानत नाही. तरी त्यांनी नवा डबा घेतला. तवासुद्धा नवा घेतला, आई."

मी चपलेतली वाळू झटकायला लागले.

"मी छातीठोकपणे सांगितलं होतं त्यांना," ती म्हणाली.

"अनघा, मला खरंच..."

"मला नको सांगूस. मला त्या घरात राहायचंय. त्यांना सांग." आणि ती परत गेली.

सांगितलं नाही मी. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी सगळे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघायला गेलो. तिसऱ्या दिवशी सांगू म्हटलं, तर व्याह्यांना ताप आला. मी चौकशी केली, गोळी दिली, डोक्यावर पट्ट्या ठेवायला बसले. असलं सगळं मला जमतं. त्या दिवशी सकाळी उरलेली धपाटी रत्नमालाताईंनी हॉटेलात झाडलोट करणाऱ्या बाईला दिली. माझ्यासमोर तो डबा त्यांनी पुन्हा उघडला नाही. परत येताना पिशवी विमानात वर ठेवली होती.

त्यानंतर चार वर्षं झाली. आमचं येणंजाणं उत्तम आहे, कुणी बोट ठेवावं असं काही नाही. त्या येतात तेव्हा मला घट्ट जवळ घेतात. येताना फळं आणतात. संत्री, केळी, डाळिंबं, चिकू. अख्खी. कधी कापलेलं कलिंगड नाही, कधी वाटीभर भाजी नाही, कधी "हे तुमच्यासाठी केलं" नाही. दिवाळीत दुकानातला पेढ्यांचा खोका, वरची दोरी न सोडलेला. मी त्यांच्या विश्रांतवाडीच्या घरी जाते तेव्हा चहासुद्धा विचारत नाहीत, नारळपाणी मागवतात. पहिल्या वर्षी मला वाटलं योगायोग. दुसऱ्या वर्षी कळलं. या बाईनं मला कधी टोमणा मारला नाही, अनघाला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. मला जे नको होतं ते माझ्यापुढं ठेवायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं आणि पाळलं. आणि मी ते चालू दिलं, कारण त्यात माझी सोय होती. चार वर्षं मी त्यांची फळं धुऊन खाल्ली.

हे असंच चाललं असतं. पण या मार्गशीर्षाच्या पहिल्या आठवड्यात नात आली, इरा. तीन वर्षांची आहे, प्लॅस्टिकची भातुकली घेऊन फिरते. माझ्या बैठकीच्या खोलीत तिनं पंगत मांडली. आजोबांना भात, बाबाला चिकन, आईला पोळी, तिच्या अस्वलाला वरण. माझ्या ताटलीत तिनं एक प्लॅस्टिकचं केळं ठेवलं.

"आणि मला भात नाही?" मी विचारलं.

"तुला नाही चालत," इरा म्हणाली. "तू आमच्या घरचं नाही खात. तुझा उपवास असतो."

तिला कुणी शिकवलं नव्हतं हे. लहान मुलं बघतात. दोन आज्यांच्या मधून ती चार वर्षांची रेघ तिनं बिनचूक ओळखली होती, आणि तिच्या दृष्टीनं त्यात गैर काही नव्हतं. काही माणसांच्या घरचं काही माणसं खात नाहीत, इतकं साधं. माझ्या आईनं मला कोनाडा दिला, आणि मी सुधारलेली बाई तोच नातीच्या हातात देऊन मोकळी झाले होते. अनघा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं ऐकलं, आणि ती आत गेली.

गुरुवारीच गेले मी, मुद्दाम. रिक्षा केली, न कळवता, बाराच्या सुमाराला, म्हणजे जेवणाच्या वेळी. रत्नमालाताईंनी दार उघडलं. घरात व्याही नव्हते, कुठल्याशा कार्यक्रमाला गेले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शेवंतीचा हार. गॅसवर काहीतरी उकळत होतं, लसणीच्या फोडणीचा वास होता.

"अहो ताई! फोन तरी करायचा," त्या म्हणाल्या. "बसा. मी नारळपाणी सांगते खाली."

"नारळपाणी नको," मी म्हटलं. "जेवायला आलेय."

त्या थांबल्या. "आज गुरुवार आहे, ताई."

"माझा गुरुवार नसतो," मी म्हटलं. "तेव्हाही नव्हता. त्या धक्क्यावर मी खोटं बोलले तुमच्याशी."

चार वर्षं मी या क्षणाची मनातल्या मनात तालीम केली होती. त्या रडतील, नाहीतर चिडतील, नाहीतर "जाऊ द्या हो" म्हणून सोडवतील मला. यातलं काहीच झालं नाही. त्या आत गेल्या, ताट घेतलं, भाकरी वाढली, आमटीची वाटी भरली.

"ठाऊक आहे मला," त्या आतूनच म्हणाल्या.

"अनघा बोलली?"

"कुणी बोलायला कशाला हवं?" त्यांनी ताट माझ्यासमोर आणून ठेवलं. "सरकारी कचेरीत एकतीस वर्षं काढली मी. डबा खायला बसले की कुणाचा ना कुणाचा उपवास निघायचाच. सोमवार, मंगळवार, चतुर्थी. काही नसलं की पोट बिघडायचं."

शिक्षकखोलीतल्या माझ्या त्या विनोदांवर हसणाऱ्या बायका आठवल्या मला. "मग," मी कशीबशी म्हणाले, "सगळं ठाऊक होतं, तर त्या उन्हात केळी कशाला शोधत हिंडलात? ती खीर कशाला सांगितलीत?"

रत्नमालाताईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलंय.

"अहो, सकाळपासून उपाशी होतात तुम्ही," त्या म्हणाल्या. "तोंड किती सुकलं होतं. जेवा आता, भाकरी गार होतेय."

मी जेवले. दोन भाकरी खाल्ल्या, आमटी दोनदा घेतली. मान वर करून मात्र जेवता आलं नाही.